नियमपुस्तकात नसलेली जागा

अमेरिकेत हायस्कूलमध्ये शिकणारी माझी भाची यंदा शाळेच्या व्हॉलीबॉल संघात आली आणि तिने फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले, "मामा, मी डीएस आहे." डीएस म्हणजे डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट, म्हणजेच मागच्या रांगेत येऊन समोरची सर्व्हिस घेणारी आणि स्मॅश उचलणारी खेळाडू. मी म्हणालो, म्हणजे लिबेरो, मागच्या रांगेतून बचाव करणारा खास खेळाडू. त्यावर ती थोडी चिडलीच. "लिबेरो वेगळी. माझी जर्सी सगळ्यांसारखीच असते."

महाविद्यालयात मी लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर देणारा, म्हणून खेळलो, पुढे काही वर्षे गावच्या स्पर्धांत पंचगिरीही केली, त्यामुळे नियम आपल्याला पाठ आहेत असा माझा समज होता. तरीही मी आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियमपुस्तक पुन्हा उघडले. त्यात लिबेरोसाठी १९ वा नियम स्वतंत्रपणे दिलेला आहे. डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट नावाची जागा मात्र कुठेही नाही. हा खेळाडू नियमांच्या दृष्टीने साधा बदली खेळाडू असतो, आणि त्याचे सारे अस्तित्व एका सेटमध्ये किती बदल करता येतात या एका आकड्यावर अवलंबून असते. माझ्या मते हे समजले की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका सेटमध्ये संघाला ६ बदल मिळतात. सुरुवातीच्या सहांपैकी एखादा खेळाडू एकदा बाहेर जाऊन एकदाच परत येऊ शकतो, तोही ज्याने त्याची जागा घेतली त्याच्याच जागी. आणि बदली खेळाडूला त्या सेटमध्ये एकदाच मैदानात उतरता येते. समजा, आपला स्मॅशर सर्व्हिससाठी १ क्रमांकाच्या जागी आला आणि त्याच्याऐवजी डीएसला पाठवले, तर डीएस १, ६ आणि ५ या मागच्या तीन जागा खेळतो आणि ४ क्रमांकावर, म्हणजे पुढच्या रांगेत, येण्याच्या वेळी स्मॅशर परत येतो. दोन बदल संपले आणि त्या डीएसचा सेटही संपला. म्हणूनच या नियमांखाली प्रशिक्षक असा खेळाडू सहसा सेटच्या शेवटासाठी, वीस गुणांच्या पुढे, राखून ठेवतात.

भाची मात्र एका सेटमध्ये तीन-तीन वेळा आत-बाहेर करत होती, आणि हे ऐकून माझ्यातला पंच अस्वस्थ झाला. उलगडा नंतर झाला. अमेरिकेतील हायस्कूलच्या नियमांत एका सेटला १८ बदल असतात, तेथील महाविद्यालयीन महिलांच्या सामन्यांत १५, आणि एकाच खेळाडूने किती वेळा यावे यावर वेगळे बंधन नसते. आपल्या ठरलेल्या जागीच परत यावे, एवढीच अट असते. सहाही जागा फिरण्याच्या एका फेरीला दोन बदल या हिशेबाने तिथे डीएस हा सेटभराचा खेळाडू होऊ शकतो. याच कारणाने ही जागा मुख्यतः अमेरिकेत रुजली.

लिबेरोची गोष्ट याच्या उलट आहे. आंतरराष्ट्रीय खेळात ही जागा १९९८ मध्ये आली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती प्रथम दिसली. लिबेरोचे येणे-जाणे बदलांच्या हिशेबात धरले जात नाही. दोन अदलाबदलींच्या मध्ये एक रॅली पूर्ण झालेली असावी लागते, इतकेच. या मोकळिकीची किंमत मात्र त्याला मोजावी लागते. त्याची जर्सी वेगळ्या रंगाची असते, तो ब्लॉक (जाळ्याजवळ उडी मारून समोरचा स्मॅश अडवणे) करू शकत नाही, ब्लॉकचा प्रयत्नही करू शकत नाही, आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याला सर्व्हिस नाही (अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांतील मुलींच्या खेळात ती एका जागेवरून करता येते), आणि संपूर्ण चेंडू जाळ्याच्या वरच्या कडेपेक्षा उंच असताना तो मैदानाच्या कोणत्याही भागातून आक्रमण करू शकत नाही. लोक सर्वांत जास्त चुकतात ते आणखी एका कलमात: लिबेरोने जाळ्यापासून तीन मीटरवरच्या रेषेच्या पुढे उभे राहून बोटांनी चेंडू वर दिला, तर तो चेंडू जाळ्याच्या वर असताना सहकाऱ्याला मारता येत नाही. हाच चेंडू त्याने दोन्ही मनगटे जोडून, अंडरहँडने दिला, तर काहीच अडचण नाही. मी स्वतः पंच असताना एकदा हा दोष द्यायला विसरलो होतो, आणि हरलेल्या संघाचा कर्णधार मला पुढे दोन वर्षे त्याची आठवण करून देत असे.

डीएसला लिबेरोची ही खास बंधने लागू नाहीत. मागच्या रांगेतील कोणत्याही खेळाडूला जे नियम असतात तेच त्याला असतात: ब्लॉकमध्ये भाग घ्यायचा नाही, आणि उंच चेंडू मारायचा तर उडी तीन मीटरच्या रेषेच्या मागून घ्यायची, पाय रेषेला लागला तरी दोष. पण तो सर्व्हिस करतो, पुढे येऊन बोटांनी लिफ्ट देतो आणि मागून पूर्ण ताकदीने स्मॅशही मारू शकतो. केवळ नियम पाहिले तर डीएस हा लिबेरोपेक्षा अधिक मोकळा खेळाडू आहे, आणि त्याच्याकडे 'लिबेरो होऊ न शकलेला' म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. मान मात्र लिबेरोलाच मिळतो. ब्राझीलचा सेर्जिओ सांतोस, ज्याला जग सेर्जिन्यो म्हणून ओळखते, हा २००४ आणि २०१६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेला लिबेरो, आणि रिओमध्ये स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. डीएसच्या वाट्याला असे काही आल्याचे मला आठवत नाही.

बदल मोजूनमापून वापरावे लागतात, याचा खरा अर्थ भाचीला गेल्या महिन्यात कळला. तिचा संघ दोन लिफ्टर घेऊन खेळतो. मागच्या रांगेत येणारी लिफ्टर आत आणि पुढे जाणारी बाहेर, अशी एका फेरीत चार बदलांची उचल त्यातच होते. भाचीचे दोन धरले की एका फेरीला सहा, म्हणजे तीन फेऱ्यांत अठरा. हे सारे बदल जोडीने होत असल्याने हिशेब सम राहतो. त्या दिवशी एका मुलीचा पाय मुरगळल्यामुळे एक सुटा बदल आधीच खर्च झाला होता, आणि चुरशीच्या सेटमध्ये भाची आत गेली तो अठरावा बदल ठरला. तीन जागा फिरून ती ४ क्रमांकावर आली तेव्हा तिला बाहेर काढायला बदलच उरला नव्हता. पाच फूट एक इंच उंचीची ही मुलगी २.२४ मीटर उंच जाळ्यासमोर उभी, आणि पलीकडे त्या संघातील सर्वांत उंच स्मॅशर.

ती ब्लॉकला उडालीच नाही. जाळ्यापासून मागे सरकून तिने चेंडू खालून उचलला, आणि लिफ्टरपर्यंत नीट पोहोचवला. रात्री फोन आला तेव्हा सेट कोणी जिंकला हे सांगण्याआधी तिने विचारले, पुढच्या रांगेत असताना ब्लॉकला न जाणे नियमात बसते का. बसते, म्हणून सांगितले.