डांब कुजले होते, फळ्या नव्हे

परभणीत आमच्या परसात न्हाणीच्या कडेनं वडिलांनी सागवानी फळ्यांचा पुरुषभर उंच आडोसा केला होता. यंदा वळवाच्या पावसात तो गल्लीकडं झुकला. सुतार म्हणाला, "सगळं काढा अन् पत्रे ठोका." मला काही ते पटेना.

पेचकस घेऊन एकेक डांब टोचत गेलो. जमिनीलगत पेचकस मुठीपर्यंत आत जायचा, ओला भुसा बाहेर यायचा. वीतभर वर मात्र लाकूड खणखणीत. फळ्या अन् आडव्या पट्ट्या तर शाबूतच होत्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलही लागते आणि हवाही. मातीच्या तोंडाशी दोन्ही एकत्र मिळतात. त्यात न्हाणीचं पाणी तिथंच मुरत होतं.

मग ठरवलं, डांब वाचवायचे; पण लाकूड पुन्हा मातीत घालायचं नाही.

आडोशाला दोन्हीकडून बल्ल्यांचे टेकू दिले. कुजका भाग कटरनं कापला, अगदी कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत. कापलेल्या तोंडातून पाणी सर्वांत जास्त शोषलं जातं, म्हणून तिथं जवसाचं तेल पुन्हापुन्हा पाजलं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका. हे तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. मी त्या पाण्यात बुडवून ठेवल्या.

खरी मेहनत खड्ड्यांची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ रोवलेलं काहीही ती जागचं हलवते. म्हणून पहारीनं अडीच फूट खोल गेलो, तळाला मुरूम ठोकला, लोखंडी अँगल उभे केले आणि 1:2:4 काँक्रीट (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) भरलं. वरचं तोंड चहूबाजूंनी उतरतं केलं, म्हणजे पाणी अँगलपाशी साचत नाही. ओळंबा धरायला शेजारचे काका आले. "सूतभर तुझ्याकडं घे, बाळा," असं म्हणत त्यांनी एकेक अँगल सरळ करून घेतला. आठवडाभर गोणपाट ओलं ठेवलं, मगच डांबांना भोकं पाडून नट-बोल्ट आवळले. डांबाचं बूड जमिनीपासून चार बोटं वर राहिलं. माझ्या मते या दुरुस्तीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच चार बोटं.

त्या फटीतून साप-विंचू येतील, ही आईची धास्ती रास्त होती. तिथं शहाबादी फरशीचे तुकडे उभे रोवले; त्यांना ना वाळवी लागते, ना ते कुजतात. फळ्यांच्या बुडाला ते तुकडे टेकू दिले नाहीत, मध्ये हवा खेळायला जागा ठेवली. न्हाणीचं पाणी पाइपनं केळीकडं वळवलं आणि मृग लागायच्या आत टेकू काढले.