तांबुरित्सा, पासपोर्ट आणि आमची रविवारची शाळा

ऑफिसमधल्या एकाला परवा क्रोएशियाचा पासपोर्ट मिळाला आणि खरं सांगते, मला रागच आला. त्याचा नाही, एकूणच. म्हणजे बघा, याचे पणजोबा इथे पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात राबायला आलेले, याला स्वतःला क्रोएशियनची धड चार वाक्यं येत नाहीत, पण २०२० पासून तिकडे स्थलांतरितांच्या वंशजांना पिढ्यांची मर्यादा नाही, भाषेची परीक्षा नाही, अमेरिकेचं नागरिकत्व सोडा असंही कोणी म्हणत नाही, वर मतदान, बाहेर राहणाऱ्यांसाठी संसदेत ३ जागा! आणि आम्ही? अमेरिकन झालो की निळा पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाचा फॉर्म, फोटोचा साइज चुकला म्हणून पुन्हा फॉर्म, आणि एवढं करून मत नाही, शेतजमीन घेता येत नाही. माझं मराठी अजून शंभर नंबरी आहे हो!

नवरा म्हणाला, अगं त्यांची लोकसंख्या चाळीस लाखसुद्धा नाही. ते खरंय म्हणा. द्राक्षमळ्यांवर कीड पडली तेव्हा डाल्मेशियातली माणसं बोटी भरभरून अमेरिका, चिली, न्यूझीलंडला गेली, त्यांना नातवंडं परत हवीच असणार. आपल्याला माणसांचा काय तुटवडा.

बरं, पासपोर्ट राहू दे. ऑफिसमधल्या त्याची मुलगी तांबुरित्सा, म्हणजे क्रोएशियन तारवाद्य वाजवते, आणि ती एकटी नाही, पोरांचा अख्खा ताफा असतो, हातात मावणाऱ्या प्रिमपासून माणसाएवढ्या बेर्दापर्यंत सगळी तारवाद्यं. यांची क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन इथेच १८९४ साली निघाली, ती काही संस्कृतीसाठी नाही, कारखान्यात माणूस गेला तर बायकोपोरांच्या हातात चार पैसे पडावेत म्हणून. इथल्याच मिलव्हेलच्या सेंट निकोलस चर्चमध्ये माक्सो वांका या चित्रकारानं १९३७ आणि १९४१ मध्ये रंगवलेल्या भिंती आहेत, देवमाता आहेच, पण कामावर मेलेला पोरगा आणि त्याच्याभोवती बसलेल्या बायकाही आहेत. पाहुणे आले की मी आता तिकडे नेते. ती युनियन आजही विमा विकते आणि पोरांची तांबुरित्सा पथकंही चालवते. शिवाय झाग्रेबला १९५१ पासून स्थलांतरितांसाठी वेगळी मातित्सा, म्हणजे सांस्कृतिक संस्था आहे, तिच्यामार्फत उन्हाळ्यात बाहेरची पोरं भाषा शिकतात, नाच, वाद्यं शिकतात.

आपण एच-वनच्या नोकरी-व्हिसावर विमानातून आलो, बाकरवडी घेऊन. विमा नोकरीतूनच मिळतो. मग आपलं मराठी मंडळ कशासाठी, तर गणपती, दिवाळी आणि नाटक. यात वाईट काय आहे? फोनवर आई रोज दिसते, त्यांच्याकडे कुठे होतं ते, त्यामुळे एवढं घट्ट धरून बसायची आपल्याला गरजच पडली नाही, असं मला वाटतं.

फक्त रविवारच्या मराठी शाळेचं काय करायचं ते कळत नाही. 'ळ' काढून काढून पोरं रडकुंडीला येतात, आठवीनंतर कोणी फिरकत नाही, पण ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला तीच पोरं पार्किंग लॉटमध्ये थंडीत तीन-तीन तास उभी. आता मंडळात ठराव आलाय की शाळेत हजेरी नसेल तर ढोल नाही. मी विरोधात हात वर केला, तेव्हापासून दोन काकू माझ्याशी बोलत नाहीयेत.