कृत्तिकांभोवतीची धूळ आणि मॉनिटरचा काळा रंग: माझा अनुभव

कृत्तिका (एम ४५) या तारकागुच्छाच्या फोटोत त्याभोवतीची बाहेरची धूळ मोकळ्या आकाशापेक्षा जेमतेम काही पायऱ्यांनीच (० काळा ते २५५ पांढरा या मोजपट्टीवर) उजळ असते. मॉनिटर भडक असेल तर पार्श्वभूमी राखाडी वाटते, आपण ती दाबतो आणि धूळ त्याबरोबर जाते. मॉनिटर गडद टोन गिळत असेल तर उलटं होतं: ग्रेडियंट (पार्श्वभूमीचा एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू बदलणारा उजेड) आणि रंगाचे डाग आपल्याला दिसत नाहीत, बाकी सगळ्यांना दिसतात.

म्हणून प्रोसेसिंगआधी मी मॉनिटर अर्धा तास तापू देतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नाइट लाइट आणि इको मोड बंद करतो. एचडीएमआय केबल असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आउटपुट 'फुल' (० ते २५५; 'लिमिटेड' म्हणजे १६ ते २३५) आहे ना, हे पाहतो. ड्रायव्हर 'लिमिटेड' आणि मॉनिटर 'फुल' अशी जोडी जमली की काळा राखाडी होतो. उलट जोडीत १६ च्या खालचं सगळं एकच काळं दिसतं. मग डिस्प्लेकॅल हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर आणि कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा रंग आणि उजेड मोजणारं उपकरण. व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटर. तो मॉनिटरच्या बटणांनीच आणायचा, कॉन्ट्रास्टला हात लावायचा नाही. खोलीतला दिवा मंद, पण पूर्ण अंधार नको.

खरी मेख टोन कर्व्हची आहे, म्हणजे कुठल्या पातळीला पडदा किती उजेड देतो याची; एसआरजीबी आणि गॅमा २.२ हे त्याचे दोन प्रचलित प्रकार. १०० कँडेलाच्या पडद्यावर, पॅनेलचा स्वतःचा काळा बाजूला ठेवला तर, १० ही पातळी एसआरजीबी कर्व्हवर सुमारे ०.३० कँडेला देते आणि गॅमा २.२ वर फक्त ०.०८. जवळजवळ चौपट फरक! २५ वर हेच आकडे ०.९७ आणि ०.६० होतात. त्यात १०००:१ कॉन्ट्रास्टच्या आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पॅनेलचा स्वतःचा काळाच ०.१ कँडेला असतो, म्हणजे गॅमा २.२ वर १० च्या आतलं काही त्यातून जेमतेम वर येतं. बघणाऱ्याकडे कुठला कर्व्ह आहे हे आपल्या हातात नाही. म्हणून मी पार्श्वभूमी २२ ते २८ दरम्यान ठेवतो.

पिक्सइनसाइट या खगोलफोटोंच्या सॉफ्टवेअरचा ऑटो स्ट्रेच (गडद चित्र आपोआप उजळून दाखवणारी सोय) पार्श्वभूमी ० ते १ पैकी ०.२५ वर, म्हणजे ६४ च्या आसपास नेतो. तो तपासणीला उत्तम, अंतिम चित्राला फार उजळ. मी त्याच उजेडात ग्रेडियंट शोधतो आणि काढतो. कृत्तिकांच्या चौकटीत धूळ जवळजवळ सगळीकडे असल्याने पार्श्वभूमी मोजायचे नमुन्याचे चौकोन हाताने, सर्वांत काळोख्या जागी ठेवावे लागतात; आपोआप ठेवलेले चौकोन धुळीलाच ग्रेडियंट समजतात. मग त्याच जागांवर लाल, हिरवा, निळा यांची सरासरी वाचतो. दोन पातळ्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रंग अजून तटस्थ नाही, डोळ्यांना पटला तरी. हिस्टोग्रामचा (कुठल्या पातळीचे किती पिक्सेल आहेत त्या आलेखाचा) डावा पाय शून्याला टेकू देत नाही.

शेवटपर्यंत १६ बिटमध्येच काम. एसआरजीबी रंगप्रणालीत रूपांतर करून तिचं प्रोफाइल जोडलं, की मगच ८ बिटचं जेपीईजी. आधी ८ बिट केलं तर गडद भाग उजळायच्या प्रत्येक ताणाबरोबर (स्ट्रेच) पट्टे उमटतात, आणि ते नंतर निघत नाहीत.