बरणीच्या बुडापासून: आमची वाटचाल

2009 च्या उन्हाळ्यात कॅनडातील कॅलगरीत आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजोबांनी घरातले जुने सामान अंगणात विकायला मांडले होते. त्यात पाच गॅलनची एक दगडी बरणी, म्हणजे दगडासारखी कडक भाजलेल्या मातीची (स्टोनवेअरची) बरणी होती. पत्नीने सवयीने तिला टिचकी मारली, आवाज खणखणीत आला, आणि लोणच्यासाठी म्हणून आम्ही ती वीस डॉलरला घरी आणली. धुताना अंगावरचा निळा शिक्का स्पष्ट झाला: 'मेडाल्टा स्टोनवेअर लिमिटेड, मेडिसिन हॅट'. त्या बरणीवर दादरा कधी बांधला गेला नाही, पण कॅनडातली जुनी मातीची भांडी ओळखून विकण्याचा आमचा व्यवसाय तिच्यापासूनच सुरू झाला.

मेडिसिन हॅट आमच्यापासून सुमारे 300 किलोमीटरवर आहे. तिथे जमिनीखाली नैसर्गिक वायू विपुल असल्याने भट्ट्या स्वस्तात पेटत आणि चांगली माती शेजारच्या सॅस्कॅचवानमधून येई; त्या बळावर 1912 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने प्रेअरीतल्या, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशातल्या शेतघरांना बरण्या आणि पुढे हॉटेलांना कपबश्या पुरवल्या. 1924 मध्ये 'स्टोनवेअर' जाऊन नावात 'पॉटरीज' आले आणि 1954 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे आमची बरणी 1924 पूर्वीची, हे केवळ शिक्क्यावरून कळले. आज तिथे संग्रहालय आहे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल भट्ट्यांच्या आत उभे राहता येते. प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आम्ही आधी तिथे नेतो.

सुरुवातीची तीन वर्षे आम्ही शनिवार-रविवारी जुन्या बाजारांत एक टेबल लावत होतो. शिक्का असला की भाव सांगायचा, एवढेच आमचे ज्ञान होते, आणि त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली. हिरव्या-काळ्या ओघळांची, शिक्का नसलेली एक फुलदाणी आम्ही ब्लू माउंटन कारखान्याची म्हणून विकली. ऑन्टॅरिओतील कॉलिंगवूडचा हा कारखाना चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या योझो वायडर यांनी उभा केला आणि तो 2004 पर्यंत चालला. भट्टीत एकमेकींत वाहणाऱ्या फिक्या आणि गडद झिलईमुळे (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपामुळे) त्याचा माल दुरून ओळखू येतो, मात्र तशीच झिलई इतरांनीही काढली. घेणाऱ्या बाईंनी महिन्याभराने फुलदाणी परत आणली, उलटी केली आणि बुडाची ठेवण त्या कारखान्याच्या साच्यांशी कशी जुळत नाही हे शांतपणे दाखवून दिले. आम्ही पैसे परत केले, आणि त्या दिवसापासून पावतीवर 'खात्रीने', 'बहुधा' किंवा 'कर्ता अज्ञात' यांपैकी एक शब्द लिहिल्याशिवाय आमच्याकडून वस्तू जात नाही.

आता भांडे हातात आले की आम्ही ते प्रथम उलटे करतो. बुडाच्या कडेला झिलई नसते, तिथे मातीचा खरा रंग दिसतो. चाकावर घडवलेल्या भांड्याच्या आत बोटांच्या वळ्या लागतात, तर साच्यात ओतलेल्यावर बारीक सांधा सापडतो. बरण्यांमध्ये पाणी मोजून भरतो, कारण कॅनडाचा गॅलन साडेचार लिटरचा आणि अमेरिकेचा पावणेचार लिटरचा, त्यामुळे बरणी कोणत्या देशाची याचा अंदाज येतो. अर्थात एवढ्या एका खुणेवर आम्ही निकाल देत नाही. ऑन्टॅरिओतील ब्रॅन्टफर्डच्या जुन्या बरण्यांवर, भट्टीत मीठ टाकून आणलेल्या झिलईमुळे, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पृष्ठभाग आणि त्यावर कोबाल्टची निळी फुले असतात. ऑन्टॅरिओत स्टोनवेअरची माती नसल्याने ती न्यू जर्सीहून आणली जाई, म्हणून तिथे माती पाहून गाव ठरवता येत नाही; 1849 पासून 1907 पर्यंत चाललेल्या तिथल्या कारखान्याच्या बदलत गेलेल्या मालकांची नावेच काळ सांगतात.

माझा स्वतःचा ओढा मात्र एकट्या-दुकट्या कुंभारांकडे आहे. न्यू ब्रन्सविकमधील मॉस ग्लेन येथे 1930 च्या दशकात केल्ड आणि एरिका डाइखमान या दांपत्याने स्थानिक मातीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांचा एक लहान वाडगा आमच्याकडे आहे. ओल्या मातीत काडीने कोरलेल्या नावाची शेवटची अक्षरे घाईत खाली झुकली आहेत. तो विकायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

चीर गेलेली किंवा टवका उडालेली बरणी आम्ही तसे सांगूनच देतो, आणि जुन्या झिलईत शिसे असू शकते म्हणून तपासणीशिवाय कोणतेही भांडे खाण्यासाठी देत नाही. लोणच्यासाठी बरणी शोधत येणाऱ्या मराठी मंडळींनाही आम्ही हेच सांगतो. गेल्या महिन्यात सॅस्कॅचवानमधील एका शेतावरून चौदा बरण्या आल्या. नऊंचे कारखाने ठरले आहेत, पाच अजून उलट्या ठेवलेल्या आहेत.