अ‍ॅडव्हान्स गाडीचा, बॅलन्स माझा

पोळ्याची आदली, बैलांच्या आवतनाची रात्र, साडेदहा

सकाळी हिंगणघाटला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बसलो. माझ्या ट्रकने कोइंबतूरच्या गिरणीला कापसाच्या गाठी पोचवल्या, त्या खेपेच्या उरलेल्या भाड्याचा, म्हणजे बॅलन्सचा, आज ६२वा दिवस. मुनीमजींनी चहा सांगितला आणि मी समजून गेलो की आजही काही नाही. पैसे द्यायचे असतात त्या दिवशी हा माणूस मान वर करत नाही. चहा फक्त रिकाम्या हाताने पाठवायच्या दिवशी.

या वेळचं कारण पोच, म्हणजे माल मिळाल्याची खूण. गिरणीने बिल्टीवर, मालासोबतच्या कागदावर, मारलेला शिक्का पावसात भिजला, शाई पसरली. "हे तं वाचताच नाही येऊन राहिलं भाऊ. पार्टी बिल परत धाडते. दुसरी पोच मागवा." आता हजाराहून जास्त किलोमीटरवरच्या गिरणीतल्या कोणत्या बाबूला मी मराठीत काय सांगू? मामांना फोन लावला. आमचे मोठे ड्रायव्हर, वडिलांच्या वयाचे. ते म्हणाले, "ताडपत्री गाठींवर टाकू का बिल्टीवर?" त्यांचंही खरंच आहे. गाठी कोरड्या पोचल्या, कागद भिजला.

त्या खेपेचा हिशोब पुन्हा मांडला, रागाच्या भरात. १०० गाठी, १७० किलोची एक, म्हणजे १७ टन. भाडं ५४,००० ठरलं, ३५,००० अ‍ॅडव्हान्स. डिझेल ३०० लिटर, त्याचेच साडेसत्तावीस हजार. फास्टॅगमधून ७,००० गेले आणि मामांचा भत्ता ४,०००. म्हणजे गिरणीच्या गेटात गाडी लागेपर्यंत अ‍ॅडव्हान्स संपून वर साडेतीन हजार मीच घातले होते. परतीचं भाडं मिळालं ते परतीच्या डिझेल-टोलातच जिरलं. उरतात साडेपंधरा हजार, आणि ते सगळे त्या अडकलेल्या १९,००० च्या पोटात. अ‍ॅडव्हान्स गाडी खाते. माझं घर बॅलन्सवर चालतं, आणि बॅलन्सच येत नाही.

टोलनाका उधार देत नाही, फास्टॅगमध्ये आधी पैसे भरा मगच दांडा वर. बँकेचा हप्ता दहा तारखेला, ४२,०००. खर्चाला तारीख आहे, कमाईला नाही. आणि हे दिवस असे की जिनिंग बंद, सोयाबीन अजून शेतात. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन नवा कापूस यायला लागेपर्यंत युरियाची रेक, मालगाडी, लागली तर लागली, नाहीतर गाडी अंगणात.

कायदा माहीत नाही असं नाही. आमच्या सीएंनीच छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी करून दिली. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत छोट्या धंदेवाल्याचं बिल द्यायचं, असं २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वर १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं ४३ बी (एच) कलम लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर जेव्हा देतील तेव्हाच देणाऱ्याला तो खर्च आयकरात धरता येतो. ते लागू झालं त्या वर्षी एका ऑफिसातून मला फोन आला. वाटलं, चेक तयार आहे. तर म्हणे, "बिलावर उद्यमचा नंबर टाकू नका ना भाऊ, आमच्या सीएची कटकट होते." सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. केली तर व्याजासकट मिळतीलही. पण दिवाळीनंतर गाठी भरायला मला बोलावेल कोण?

हे सगळं मनात बोलत परत येताना जाम गावच्या चौरस्त्यावर टायरवाल्याने हात केला. दोन रिमोल्ड टायरांचे १४,००० आखाडीच्या आधीपासून बाकी आहेत. मागायला त्यालाच लाज वाटत होती. "भाऊ, पोळा आहे. पोरांना काही घ्याव लागते." मी म्हटलं, "पार्टीचे पैसे आले की पहिले तुमचेच." आणि टपरीवरच्या पोराला हाक मारली, दोन चहा आण रे.

चहा हातात आला तेव्हा लक्षात आलं. पुढे तो काय बोलला ते ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी बाबांनी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणाले. उरलेली हळद नेहमीप्रमाणे गाडीच्या बंपरला लावली. ही विचारते, "त्याचे पुढच्या महिन्यात धाडाल का?" टायरवाल्याचं बोलत होती. मी सांगितलंच नव्हतं. त्याची बायको आणि ही एकाच बचत गटात आहेत.

पोळा, रात्री

दुपारी त्याच ऑफिसातून फोन. १०० गाठी पडल्या आहेत, उद्या सकाळी गाडी लावा. मी म्हटलं, आधीचा बॅलन्स द्या, मग लावतो. आवाज कापत होता, खोटं कशाला सांगू. मुनीमजी म्हणाले, "पोच कुठं आहे?" मी म्हटलं, "पोचचा फोटो मामांनी गेटातच काढला होता, शिक्का ओला व्हायच्या आधी. व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतो." हे काल का सुचलं नाही देव जाणे. मामांनीच सकाळी दाखवला.

साडेचारला १०,००० जमा झाले. एकोणीस नाही, दहा. तोरणाखाली बैल उभे होते, पोळ्याच्या झडत्या म्हणणं सुरू होतं, त्या गोंगाटातच ७,००० टायरवाल्याला टाकले. त्याचा अंगठा आला.

बाकीचे नऊ गाडी भरल्यावर, असं ठरलं. म्हणजे माघार मीच घेतली. मामा पोळा फुटल्यावर घरी गेले, पहाटे पाचला निघतो म्हणाले. त्यांच्या डब्यासोबत एक प्लास्टिकची जाड पिशवी दिली आहे, पोच ठेवायला.