शेफिल्डचं क्रूसिबल : ९८० खुर्च्या, सतरा दिवस आणि एक काळा बॉल

एप्रिलचा तिसरा आठवडा आला की इंग्लंडात शेफिल्ड शहराकडे स्नूकरवाल्यांची रीघ लागते. शनिवारी सुरू होऊन मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला संपणारी, तब्बल सतरा दिवसांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथल्या क्रूसिबल नाट्यगृहात होते. हो, नाट्यगृहातच. जेमतेम ९८० खुर्च्या. रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला, तीन बाजूंनी लोक बसलेले. सर्वांत मागची खुर्चीही रंगमंचापासून क्रिकेटच्या खेळपट्टीहून, म्हणजे २२ यार्डांहून लांब नाही. ही स्पर्धा काय चीज आहे, हे कळण्यासाठी दोन गोष्टी पुरतात : ही जवळीक आणि सामन्यांची लांबी.

खेळ मुळात आपल्याकडचा. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून तो जमवला आणि उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. इंग्लंडात मात्र कितीतरी वर्षं बिलियर्ड्सचाच दरारा होता. स्नूकर म्हणजे मधल्या वेळचा विरंगुळा. बिलियर्ड्समध्ये दोन वेळा जगज्जेता झालेला आपला पुण्याचा विल्सन जोन्स (१९५८ आणि १९६४) हासुद्धा त्याच जुन्या परंपरेतला.

स्पर्धा उभी केली जो डेव्हिस या इंग्रज खेळाडूने. बर्मिंगहॅममध्ये बिलियर्ड्सचा हॉल चालवणाऱ्या बिल कॅमकिनला हाताशी धरून त्याने बिलियर्ड्सच्या संघटनेचं मन वळवलं. पहिल्या स्पर्धेत दहा जण उतरले आणि १९२७ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये डेव्हिसने टॉम डेनिसला २०-११ असं हरवलं. बक्षीस होतं साडेसहा पौंड. संपूर्ण स्पर्धेतला सर्वांत मोठा ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले गुण, ६०. आजच्या पहिल्या फेरीत ६० च्या ब्रेकवर कोणी टाळीही जोरात वाजवत नाही, पण तेव्हाचे टेबल, कापड आणि बॉल वेगळे होते आणि मुख्य म्हणजे गठ्ठ्यातले लाल बॉल फोडून एका दमात गुण मारत सुटण्याची कला डेव्हिस तेव्हा नुकती घडवत होता. त्याने १५ वेळा ही स्पर्धा जिंकली आणि १९४६ साली न हरताच ती सोडली. तो शेवटचा अंतिम सामना १४५ फ्रेमचा, म्हणजे डावांचा, होता. त्यात होरेस लिंड्रम ७८-६७ ने हरला.

डेव्हिस बाजूला झाला आणि स्पर्धेची रयाच गेली. १९५२ साली संघटना आणि खेळाडूंचं बिनसलं, मूळ स्पर्धेत दोघेच उरले. बाकीच्यांनी स्वतःची वेगळी स्पर्धा काढली, तीही १९५७ नंतर बंद पडली. १९६४ पासून विजेत्याला आव्हान देऊन एकेक सामना खेळण्याची पद्धत आली आणि १९६९ साली पुन्हा बाद फेरीची स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी बीबीसी-२ वर रंगीत प्रक्षेपणाची नवलाई दाखवायला स्नूकर निवडलं गेलं. बॉलचे रंग ओळखता आल्याशिवाय हा खेळ टीव्हीवर कळणारच नाही, त्यामुळे काळ्यापांढऱ्या पडद्यावर तो कधी रुजलाच नव्हता.

तरीही स्पर्धेला कायमचं घर नव्हतं. १९७२ साली बर्मिंगहॅममधल्या माजी सैनिकांच्या क्लबात ॲलेक्स हिगिन्स जिंकला, १९७५ साली ती थेट ऑस्ट्रेलियात झाली. १९७६ मध्ये मँचेस्टरच्या अंतिम सामन्यात टेबल आणि दिव्यांबद्दल तक्रारी झाल्या. त्याच सुमारास संयोजक माइक वॉटरसनची पत्नी कॅरोल क्रूसिबलला नाटक पाहून आली आणि तिने ही जागा सुचवली. १९७७ साली पहिली स्पर्धा इथे झाली. जॉन स्पेन्सरने क्लिफ थॉर्बर्नला २५-२१ असं हरवून ६००० पौंड नेले. आज विजेत्याला ५ लाख पौंड मिळतात.

आता रचना नीट समजून घ्या, कारण तिकीट काढताना याचाच उपयोग होतो. मुख्य फेरीत ३२ खेळाडू : क्रमवारीतले १६ मानांकित आणि पात्रता फेरीतून आलेले १६. पहिली फेरी जास्तीत जास्त १९ फ्रेमची, म्हणजे आधी १० जिंकेल तो पुढे. पहिल्या सत्रात ९ फ्रेम, दुसऱ्यात उरलेल्या. दुसरी फेरी आणि उपांत्यपूर्व फेरी २५ फ्रेमच्या, तीन सत्रांत. उपांत्य सामना ३३ फ्रेमचा, चार सत्रांत. अंतिम सामना ३५ फ्रेमचा, रविवार-सोमवार मिळून चार सत्रांत. सत्रं साधारण सकाळी दहा, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सात.

उपांत्यपूर्व फेरीपर्यंत रंगमंचावर दोन टेबलं असतात, मध्ये उभा पडदा. तुमचं तिकीट एकाच टेबलाचं असतं. पलीकडच्या टाळ्या ऐकू येतात, पण दिसत काही नाही, आणि ऐन शॉटच्या वेळी पलीकडे आरडाओरडा झाला तर खेळाडू उठून उभा राहतो. उपांत्य फेरीपासून पडदा निघतो आणि एकच टेबल मधोमध येतं. ज्यांना एकदाच जायचं आहे त्यांनी याच दिवसांचं तिकीट पाहावं, पण ती लवकर संपतात. एक धोका लक्षात ठेवा. २५ फ्रेमच्या सामन्यात कोणी १३-३ ने जिंकलं तर सामना दोन सत्रांतच संपतो आणि तिसऱ्या सत्राचं तिकीट हातात असूनही तो सामना पाहायला मिळत नाही. आत गेल्यावर फोन बंद, आणि फ्रेम चालू असताना दार उघडत नाही.

टेबलाकडे जवळून पाहा. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, स्लेटच्या पाच लाद्यांवर ताणलेलं लोकरी कापड. कापडाला लव असते आणि ती काळ्या बॉलच्या टोकाकडे झुकलेली असते. त्यामुळे उलट दिशेने हळू जाणारा बॉल किंचित वळतो. दमट हवेत कापड जड होऊन बॉल रखडू नये म्हणून लादी खालून गरम ठेवतात. तरी एक दोष सुटत नाही : क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावलेल्या खडूचा कण मारायचा पांढरा बॉल आणि दुसरा बॉल यांच्यामध्ये अडकला की दोन्ही बॉल क्षणभर चिकटल्यासारखे होतात, पांढरा हलकेच उडतो, आवाज बोदा येतो आणि सोपा शॉट भोकाच्या काठावर आपटतो. यालाच ‘किक’ म्हणतात. म्हणून पंच मधूनमधून बॉल पुसून देतो.

लांबीचं मोल दोन सामन्यांत दिसतं. १९९२ च्या अंतिम सामन्यात जिमी व्हाइट १४-८ ने पुढे होता. स्टीफन हेन्ड्रीने सलग दहा फ्रेम घेऊन १८-१४ ने सामना उचलला. छोट्या सामन्यात हे घडायला जागाच नसते.

दुसरा १९८५ चा. स्टीव्ह डेव्हिस ८-० ने पुढे, डेनिस टेलर मागून येत येत १७-१७. पूर्ण सामन्यात टेलर एकदाही पुढे नव्हता. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली. टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा असे चारच बॉल उरले तेव्हा डेव्हिस ६२-४४ ने पुढे. चारही मिळून २२ गुण, म्हणजे टेलरला चारही हवे. त्याने तपकिरी, निळा, गुलाबी घातले : ६२-५९. आता फक्त काळा, सात गुणांचा. दोघांनीही प्रयत्न करून चुकवला. मग डेव्हिसपुढे कापून घालायचा काळा आला, त्याने तो जरा जास्तच पातळ कापला आणि बॉल भोकाशेजारून निघून गेला. टेलरने तो घातला, ६६-६२, आणि क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर जागे होते.

क्रूसिबलचा एक शापही आहे. इथे पहिल्यांदा जगज्जेता झालेल्या खेळाडूला पुढच्या वर्षी किताब राखता आलेला नाही. स्टीव्ह डेव्हिस १९८२ साली पहिल्याच फेरीत टोनी नोल्सकडून १०-१ ने गारद झाला, कायरन विल्सन २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत गेला. त्या २०२५ च्या स्पर्धेत पात्रता फेरीतून आलेला झाओ शिनतोंग अंतिम सामन्यात मार्क विल्यम्सला १८-१२ ने हरवून आशियाचा पहिला विजेता ठरला. जबलपूरपासून मोजलं तर या क्षणाला दीडशे वर्षं लागली.

जाणाऱ्यांसाठी : लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून शेफिल्ड रेल्वेने साधारण दोन तास, आणि शेफिल्ड स्टेशनवरून नाट्यगृह दहा मिनिटं चालत. पहिल्या फेरीचं तिकीट काढायचं तर सामन्याच्या दुसऱ्या सत्राचं काढा. निकाल तिथेच लागतो.