"हांव कोण सांगपी?"

शाळा सुरू झाली तेव्हा आमच्याकडे पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, ट्रेनिंग झालं. यादीत फक्त शिक्षक होते, मग मी हेडबाईंच्या मागे लागून बालरथचे (शाळेच्या बसचे) ड्रायव्हर, अटेंडंट मावशी, शिपाई आणि माध्यान्ह आहार आणणाऱ्या बचत गटाच्या ताई, सगळ्यांना बसवलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या पोरांना सकाळी पहिल्यांदा बघतात ती बालरथची माणसं, आम्ही नंतर.

कायद्याचा भाग चालू होता आणि मावशी हळूच बोलल्या. एक पोर आधी स्टॉप आला की टुणकन उतरायचं, हल्ली दप्तर पोटाशी धरून बसून राहतं, हाक मारली तरी उठत नाही. (तपशील मुद्दाम बदललेत, मुलाची ओळख उघड करायची नसते.) इतके दिवस का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "हांव कोण सांगपी?" म्हणजे, मी कोण सांगणारी?

मला गलबलून आलं. कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यातलं कलम १९ कुणालाही लागू आहे, शिक्षक असो नाहीतर अटेंडंट. संशय आला तरी पोलिसांना कळवायचं, पुरावा शोधणं हे आपलं काम नाहीच, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर आपल्यावर केस होत नाही. उलट गप्प बसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्याच स्टाफमधल्या कुणाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर वर्षापर्यंत. गोव्याचा तर स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे, वेगळं चिल्ड्रन्स कोर्ट आहे, तरी हे मावशींपर्यंत पोचलेलं नव्हतं.

माझी स्वतःची चूक पण सांगते. खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या शाळेत, पाचवीतला एक मुलगा माझ्याशी बोलला. मी आधी "कुणाला सांगणार नाही" म्हटलं आणि मग त्याला ऑफिसात नेलं, तिथे परत विचारलं, मग अजून एका सरांनी विचारलं, असं करत चौथ्यांदा तो खाली बघून म्हणाला, "काय नाय झालं बाई." ते मला अजून ऐकू येतं. आता मी फक्त ऐकते, खोदून विचारत नाही, गुपित ठेवायचं वचन देत नाही, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसकट लिहून ठेवते.

मावशींनी सांगितलेल्या पोराबद्दल ट्रेनिंगच्या त्याच दुपारी हेडबाईंनी आणि मी कळवलं. निघताना मावशींनी त्यांचा बटणांचा फोन पुढे केला, "म्हाका तो नंबर घालून दी गे." १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, मी सेव्ह करून दिला.